थुंकी पायात धरायची की इमल्यात?

लोअर परळमधल्या एका जुन्या गिरणीच्या आवारात आता खाण्यापिण्याची ठिकाणं झाली आहेत. त्यातल्या एकाच्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक लाकडी धोटा लावलाय. खाली नाव नाही, साल नाही, नुसता वरून पिवळा दिवा. परवा शेजारच्या टेबलावरच्या एका लहान मुलाने विचारलं, "बाबा, ती होडी आहे का?" बाबांनी मोबाइलमधून मान वर केली आणि म्हणाले, "असेल, जुनी." पाण्याचा जग घेऊन आलेला वाढपी तेवढ्यात म्हणाला, "होडी नाय साहेब, गिरणीचं कायतरी असतं ते. आमच्या आज्याकडे होतं." एवढं बोलून तो पुढच्या टेबलाकडे गेला. ते 'कायतरी' मात्र डोक्यातून जाईना.

धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन जाणारं लाकडी साधन. तो हातभराहून थोडा आखूड असतो. दोन्ही टोकांना लोखंडी टोप्या, मधे पोकळी, पोकळीत बाण्याच्या सुताची कांडी आणि कडेला एक बारीक छिद्र. साचा, म्हणजे यंत्रमाग, चालू असताना तो ताण्याच्या उभ्या धाग्यांमधून एवढ्या वेगाने इकडून तिकडे जातो की डोळ्याला दिसत नाही, फक्त आवाज येतो. कांडी संपली की विणकराने साचा थांबवायचा, धोटा बाहेर काढायचा, रिकामी कांडी उपसून भरलेली बसवायची, सुताचं टोक आतून छिद्राशी न्यायचं आणि बाहेरून छिद्राला ओठ लावून श्वास आत ओढायचा. सूत बाहेर येतं. सुताबरोबर कापसाचा कोंडा, खळ आणि तेलही तोंडात येतं. कांडी काही मिनिटांत संपते, म्हणजे एका पाळीत हे कितीदा करावं लागत असेल याचा अंदाज करता येईल. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्याने असे तोंडाने ओढायचे धोटे १९११ मध्ये कायद्याने बंद केले. हाताने सूत ओवता येईल असे धोटे तेव्हा मिळत होते, आणि कांडी आपोआप बदलणारे साचे तर त्याआधीच निघाले होते. मुंबईच्या मालकांनी त्यावर पैसे घालण्याची घाई केली नाही, कारण इथे माणसाचं तोंड स्वस्त होतं.

एका धोट्याला पाळीपाळीने वेगवेगळ्या माणसांचे ओठ लागणार. म्हणून मुंबईच्या साचेखात्यात, म्हणजे विणाईच्या विभागात, सवर्ण विणकर अस्पृश्यांना येऊ देत नसत. अस्पृश्य कामगार राहिले कताईकडच्या रिंगखात्यात, जिथे मजुरी कमी. १९२८ चा मोठा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार बाहेर होते आणि संप समितीच्या १७ मागण्या होत्या. साचेखात्याची ही बंदी त्यांत नव्हती. डॉ. आंबेडकरांनी आग्रह धरला की ही मागणी घ्या, नाहीतर मी माझ्या माणसांना कामावर जायला सांगेन. समितीने ती घेतली, पण नाखुशीने. मालकांनी त्यावर दिलेलं उत्तर पुढे आंबेडकरांनीच अनेकदा ऐकवलं. मालकांचं म्हणणं असं की ही बंदी आम्ही घातलेली नाही, तुमच्या कामगारांनीच घातली आहे. ते खोटं नव्हतं. आणि त्या बंदीतून मालकांचं नुकसान काहीच होत नव्हतं, हेही खोटं नव्हतं.

तर थुंकी पायात धरायची की इमल्यात?

मार्क्सने अर्थशास्त्रावरच्या एका ग्रंथाच्या १८५९ च्या प्रस्तावनेत पाया आणि इमला असं चित्र काढलं. उत्पादनसंबंध पायात, आणि कायदा, धर्म, कला, राजकारण वरच्या इमल्यात. या एका परिच्छेदाने पुढच्या शंभर वर्षांत जेवढं डोकं खाल्लं तेवढं 'भांडवल'च्या तिन्ही खंडांनी मिळून खाल्लं नसेल. मार्क्सचा सहकारी एंगल्स याने १८९० मध्ये जोसेफ ब्लॉखला पत्र लिहून सावरायचा प्रयत्न केला. अर्थव्यवहार निर्णायक आहे तो शेवटी, तोच एकमेव घटक आहे असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं, अशा अर्थाचं. मग हे 'शेवटी' कधी येतं यावर विसाव्या शतकाची बरीच शाई गेली. फ्रेंच मार्क्सवादी अल्थुसेरने १९६२ मध्ये सांगून टाकलं की ती शेवटची एकाकी घटका कधी वाजतच नाही. आता साचेखात्याकडे बघा. त्या छिद्रावरची थुंकी कोणाला किती मजुरी मिळणार हे ठरवते, म्हणजे ती उत्पादनसंबंधात आहे. आणि ती बाटते असं मानणं ही श्रद्धा आहे, म्हणजे ती इमल्यात आहे. अभ्यासमंडळात हा प्रश्न आला की कोणीतरी "द्वंद्वात्मक संबंध" असं म्हणतं, सगळे माना हलवतात आणि चहा येतो.

मार्क्सची मांडणी दुरुस्त करत विसाव्या शतकात निघालेल्या नवमार्क्सवादाच्या शाळा समजून घ्यायला माझ्या मते एकच युक्ती चालते. प्रत्येक शाळेला विचारायचं की तुमचं नेमकं काय फसलं होतं? कारण ही सगळी घराणी एकेका अपेक्षाभंगातून निघाली आहेत. पाठ्यपुस्तकं त्यांना संकल्पनांच्या याद्यांनी शिकवतात आणि त्यामुळे विद्यार्थ्यांच्या हाती फक्त शब्द लागतात. तत्त्वज्ञ लुकाच १९१९ च्या हंगेरीतल्या क्रांतिसरकारात शिक्षणखातं बघत होता. ते सरकार १३३ दिवसांत पडलं. चार वर्षांनी त्याचं पुस्तक आलं आणि त्यात वस्तूकरणाची कल्पना आली. माणसामाणसांतले संबंध वस्तूंचे गुण असल्यासारखे दिसू लागतात, आणि कामगारालाही स्वतःचं आयुष्य बाहेरून बघितल्यासारखं, मोजमापाचा आकडा म्हणून दिसतं. त्याच १९२३ साली जर्मन मार्क्सवादी कार्ल कोर्शचंही पुस्तक आलं. पुढच्या वर्षी कॉमिन्टर्नच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय कम्युनिस्ट संघटनेच्या, पाचव्या अधिवेशनात तिचा नेता झिनोव्हिएव्हने दोघांना प्राध्यापकी म्हणून झोडपलं. 'प्राध्यापकी' ही शिवी तेव्हापासून चालत आली आहे. मुंबईच्या कुठल्याही डाव्या बैठकीत ती आजही ऐकू येते आणि बहुधा प्राध्यापकच ती देतात.

फ्रँकफर्टच्या समाजसंशोधन संस्थेबद्दल मराठीत लिहिलं जातं ते बहुतेक अडोर्नो आणि संस्कृतिउद्योग, म्हणजे कारखान्यातल्या मालासारखी तयार होणारी करमणूक, एवढ्यावरच. माझ्या लेखी त्या संस्थेचं सगळ्यात मोलाचं काम वेगळंच होतं आणि ते पन्नास वर्षं छापलंच गेलं नाही. १९२९ मध्ये संस्थेतले मानसशास्त्रज्ञ एरिक फ्रॉम आणि हिल्डे वाइस यांनी जर्मन कामगारांना आणि कारकुनांना एक प्रश्नावली पाठवायला घेतली. २७१ प्रश्न, सुमारे ३,३०० प्रती. १,१०० च्या आसपास उत्तरं परत आली. नाझी आल्यावर संस्था जिनीव्हामार्गे न्यूयॉर्कला हलली, त्या धावपळीत कागद हरवले आणि विश्लेषणाला ५८४ उरली. प्रश्न वाचण्यासारखे आहेत. सरकारात खरी सत्ता कोणाच्या हातात आहे? हा अपेक्षितच. पण घर कशाने सजवता? बायकांनी पावडर, अत्तर, लिपस्टिक वापरावं का? मुलांना न मारता वाढवता येईल का? मार्क्सने स्वतः १८८० मध्ये फ्रेंच कामगारांसाठी शंभर-एक प्रश्नांची यादी केली होती. तिचा भर कामाच्या तासांवर, मजुरीवर, कारखान्यातल्या हवेवर आणि संपावर होता. फ्रॉमने त्याच माणसाला घरी गाठलं. राजकीय प्रश्नांना ठसठशीत लाल उत्तरं देणारे बरेच जण मुलांच्या आणि बायकोच्या प्रश्नावर कडक हुकूमशहा निघाले. मतपत्रिकेवरून हे लोक हिटलरला अडवतील असं वाटत होतं, उत्तरांवरून वाटत नव्हतं. आधीच्या मार्क्सवाद्यांना हा प्रश्न सुचला नव्हता, कारण कामगार काय करेल हे तो कुठे काम करतो यावरून कळतं असं त्यांनी गृहीत धरलं होतं.

अडोर्नोबद्दल एवढंच, की लालबागच्या रस्त्यावर १९४४ पासून लाल बावटा कलापथक जे करत होतं ते त्याला सहन झालं नसतं. अण्णाभाऊ साठे, अमर शेख, गवाणकर तमाशाचा आणि पोवाड्याचा साचा उचलून त्यात संप, दंगल आणि घरभाडं भरत होते. लोकप्रिय कलेत राजकीय शक्यता पाहणारा त्याचा मित्र वॉल्टर बेन्यामिन, त्याला ते आवडलं असतं असा माझा अंदाज आहे.

इटलीतला कम्युनिस्ट नेता ग्राम्शी मराठी वाचकाला तसा ओळखीचा. १९२० च्या सप्टेंबरात तुरिनच्या कामगारांनी कारखाने ताब्यात घेतले, कामगार समित्यांनी ते चालवूनही दाखवले, आणि तरी क्रांती झाली नाही. दोन वर्षांत मुसोलिनी आला. १९२६ च्या नोव्हेंबरात ग्राम्शीला पकडलं. १९२९ च्या फेब्रुवारीत त्याने तुरुंगात वह्या लिहायला घेतल्या, त्या भरल्या तेहतीस, चार नुसत्या भाषांतराच्या. त्याचा अर्थतज्ज्ञ मित्र पियेरो स्राफाने मिलानच्या एका पुस्तकवाल्याकडे त्याच्या नावे खातं उघडून दिलं होतं म्हणून पुस्तकं तरी मिळत राहिली. वह्या वाचताना दोन गोष्टी हमखास चुकतात. एक म्हणजे त्या पुस्तकासारख्या सलग वाचल्या जातात. त्या टिपणं आहेत, एकच विषय चार वह्यांत चार वेळा येतो आणि दर वेळी थोडा बदलतो. दुसरी चूक अशी की धुरीणत्व, म्हणजे लोकांच्या संमतीवर टिकणारं वरच्या वर्गाचं वर्चस्व, हा नुसता प्रचार असा अर्थ घेतला जातो. ग्राम्शीचं म्हणणं त्याहून कडू आहे. राज्यसंस्था हा फक्त पुढचा खंदक, त्याच्या मागे किल्ल्यांची आणि तटबंद्यांची सगळी रांग असते, आणि ती रांग म्हणजे शाळा, चर्च, मंडळं, वर्तमानपत्रं, रोजच्या सवयी. तिथे लोक फसवले जात नाहीत. ते तिथे राहतात, तिथे त्यांना काहीतरी मिळतं.

गिरणगावातली ती रांग मोजायची तर तालीम, भजनी मंडळ, गावकीची खोली, सार्वजनिक गणपती, सहकारी पतपेढी, आणि कामगार भरणारा मुकादम, म्हणजे जॉबर. इतिहासकार राजनारायण चंदावरकरांनी १९९४ च्या ग्रंथात दाखवलं की जॉबर म्हणजे खेड्यातून आलेला सरंजामी अवशेष नव्हता. आज इतके हात हवेत, उद्या तितके नकोत, अशा बाजाराच्या लहरी सांभाळायला मालकांना लागणारा तो माणूस होता, आणि त्याची ताकद कारखान्यापेक्षा चाळीत होती. कोणाला खोली मिळवून द्यायची, कोणाला उधार मिळवून द्यायचं, कोणाला बदली कामगार म्हणून घ्यायचं. कम्युनिस्टांनी १९२८ मध्ये गिरणी समित्या बांधल्या तेव्हा त्यांनी जॉबरच्या या जागेला आव्हान दिलं आणि काही काळ ती जागा घेतलीही. पुढे ती सुटली. १९७० च्या जूनमध्ये परळचे कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाई यांचा खून झाला. पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सरोजिनी देसाई उभ्या होत्या आणि जिंकले शिवसेनेचे वामनराव महाडिक. डाव्यांनी याचं कारण मालकांचे पैसे, काँग्रेसचा हात आणि गुंडगिरी असं सांगितलं. त्यातलं बरंच खरं असेल. पण गुंड मतपेटीत मत टाकायला माणसाचा हात धरत नाही. ज्या चाळीने संप केले त्याच चाळीने हे मत दिलं. ग्राम्शीच्या वह्यांची ती प्रसिद्ध इंग्रजी निवड आली १९७१ मध्ये, म्हणजे परळला एक वर्ष उशिरा.

राज्यसंस्था भांडवलाच्या बाजूने का वागते यावरचा मिलिबँड आणि पुलान्त्झास या दोन मार्क्सवादी अभ्यासकांचा वाद १९६९-७० चा. तो शिकवणं म्हणजे वर्ग झोपवणं, असा लौकिक आहे. मुंबईचा एक कायदा हातात घेतला तर तो पाच मिनिटांत कळतो. १९४६ चा बॉम्बे इंडस्ट्रियल रिलेशन्स ॲक्ट एका उद्योगात एकाच युनियनला प्रातिनिधिक मानतो. बोलणी तिच्याशीच होणार आणि करार सगळ्यांवर बंधनकारक. कापड गिरण्यांत ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ. १८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले तरी कायद्याच्या दृष्टीने त्यांच्यातर्फे बोलायचा अधिकार संघाकडेच राहिला. मिलिबँडच्या पद्धतीने बघाल तर विचाराल की मंत्री कोणाचे, मालकांशी सोयरीक कोणाची, संघ कोणाच्या पक्षाचा. पुलान्त्झास म्हणेल, माणसं बदलून बघा. मुख्यमंत्री कोणीही असू दे, या कायद्याची रचनाच अशी आहे की रस्त्यावरचं बहुमत कागदावर येऊ शकत नाही. दोघांचंही बरोबर आहे. तरी हा कायदा वाचल्यावर मी पुलान्त्झासकडे झुकतो. त्याची वाक्यं वाचवत नाहीत, ही तक्रार मात्र कायम.

गरीब देश श्रीमंत देशांमुळेच गरीब राहतात असं सांगणारी अवलंबित्वाची शाळा, म्हणजे पॉल बॅरन, आंद्रे गुंडर फ्रँक, पुढे १९७४ पासून वॉलरस्टीन, मुंबईकराला नवीन वाटू नये. दादाभाईंनी संपत्तीच्या निःसारणाचा हिशेब मांडला तो एकोणिसाव्या शतकात. बॅरनने १९५७ मध्ये जपान का सुटला आणि भारत का अडकला याची तुलना केली, आणि फ्रँकने १९६६ मध्ये म्हटलं की मागासलेपण ही विकासाच्या आधीची पायरी नाही, त्याच विकासाने ते घडवलं आहे. इतिहासकार रॉबर्ट ब्रेनरने १९७७ मध्ये यांना चांगलंच धारेवर धरलं. तुम्ही सगळं व्यापारावर ढकलता, गावात जमीन कोणाची आणि राबतो कोण हे बघतच नाही, असा त्याचा रोख. मुंबईत या वादाला एक वेगळी बाजू फुटते. हे शहर लंडनचा परीघ होतं आणि कोकणाचं केंद्र. या गिरण्या एकेकाळी चीनला सूत पाठवायच्या, आणि रत्नागिरीला मनीऑर्डर.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण गिरणगावाचं अर्थशास्त्र त्या मनीऑर्डरमध्ये आहे आणि त्याबद्दलचं सगळ्यात उपयोगी लिखाण मुंबईवरचं नाहीच. समाजशास्त्रज्ञ हॅरॉल्ड वोल्पने १९७२ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या खाणींबद्दल एक प्रश्न विचारला. काळ्या खाणकामगाराची मजुरी जगण्याच्या खर्चापेक्षाही खाली कशी ठेवता येते? उत्तर असं की काळ्यांसाठी राखून ठेवलेल्या प्रदेशात त्याची बायको, आई आणि म्हातारे शेती करून मुलं वाढवतात, आजाऱ्याला सांभाळतात, थकलेल्याला परत घेतात. श्रमशक्ती नव्याने तयार करायचा खर्च भांडवल देतच नाही, तो गाव देतो. मानववंशशास्त्रज्ञ क्लोद मेयासूने १९७५ मध्ये पश्चिम आफ्रिकेवरून हेच बायका आणि धान्याची कोठारं यांच्या अंगाने मांडलं. आता परळची एक खोली घ्या. दहा बाय बारा, पाळीपाळीने झोपणारे पुरुष, भिंतीवर एकाच गावच्या देवाचं कॅलेंडर. बायका गावी भात लावतायत, नाचणी काढतायत, सासऱ्याचा खोकला बघतायत. गिरणीने मजुरी दिली ती एका माणसाच्या पोटाची आणि वर थोडी मनीऑर्डरची. घर चालवलं ते गावच्या बाईने. संप लांबला की कामगार गावी जायचा. १९२८ चा संप सहा महिने टिकला त्याचं श्रेय लाल बावट्याला देतात, त्यातलं थोडं कोकणातल्या आणि घाटावरच्या भाताला आणि ज्वारीलाही द्यायला हवं. म्हणजे तेच गाव मजुरी खाली दाबून ठेवत होतं आणि तेच संपाला दमही पुरवत होतं. वोल्पच्या मांडणीत पहिली बाजू पक्की आहे, दुसरी सैल.

आणि शहरात खानावळवाली. पाच-दहा पुरुषांना दोन वेळ जेवण घालायचं, हिशेब महिन्याचा, पगार झाला की पैसे. दुकानदाराकडून किराणा उधार, त्यासाठी मंगळसूत्र गहाण, आणि पगाराआधीचा शेवटचा आठवडा कालवणात पाणी वाढवून काढायचा. स्त्रीवादी मारियारोझा दाल्ला कोस्ता आणि सेल्मा जेम्स १९७२ मध्ये इटलीत-इंग्लंडात म्हणत होत्या की घरकाम म्हणजे प्रेमाची सेवा नाही, ते श्रमशक्ती नावाचा माल तयार करणारं, पगार न मिळणारं काम आहे. त्यावर मार्क्सवाद्यांत दहा वर्षं वाद चालला की घरकामातून बाजारात मोजलं जाणारं मूल्य निर्माण होतं की नुसतं वापरापुरतं उपयोगमूल्य. खानावळवालीला या वादात साक्षीला बोलवायला हवं होतं. ती हेच काम बाजारात आणून, जेमतेम नफ्यावर, करत होती. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये या बायकांचं अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, त्यात पहिला मुद्दा बँकेच्या कर्जाचा होता, सावकाराच्या तावडीतून सुटण्याचा. कामगार चळवळीच्या इतिहासात मात्र त्या अजूनही तळटिपेत आहेत.

१९८२ हे साल विचित्र आहे. जानेवारीत संप सुरू झाला. त्याच वर्षी रणजित गुहांच्या संपादनाखाली तळातल्या लोकांचा इतिहास मांडणाऱ्या 'सबॉल्टर्न स्टडीज'चा पहिला खंड आला. त्याच वर्षी शरद पाटलांचं दास-शूद्रांच्या गुलामगिरीवरचं पुस्तक इंग्रजीत आलं. मुंबईतून निघणाऱ्या 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'मध्ये भारतीय शेतीची उत्पादनपद्धती भांडवली की अर्धसरंजामी हा वाद अशोक रुद्र आणि उत्सा पटनाईक यांच्यापासून दशकभर पेटलेला होता. ॲलिस थॉर्नर यांनी त्याचा ताळेबंद मांडला तोही त्याच वर्षी. आणि भूगोलतज्ज्ञ डेव्हिड हार्वीचं भांडवलाच्या मर्यादांवरचं मोठं पुस्तकही १९८२ चंच. एवढी सामग्री एका वर्षात, आणि ज्यांच्याबद्दल ती होती त्यांचं रेशन संपत आलेलं.

यातल्या शरद पाटलांवर मराठीत पुरेसं भांडण झालेलं नाही असं मला वाटतं. जात हा इमल्याचा भाग आहे ही पक्षाची भूमिका त्यांना मान्य नव्हती. १९७८ मध्ये ते माकपमधून बाहेर पडले आणि धुळ्यात सत्यशोधक कम्युनिस्ट पक्ष काढला. त्यांच्या मार्क्स-फुले-आंबेडकरवादाचं सार असं की वर्ग येण्याआधी हजारो वर्षं इथल्या शोषणाचा पायाच वर्ण आणि जात होता, आणि ब्रिटिश काळानंतर वर्ग आणि जात दोन्ही एकाच वेळी पायात आहेत. इतिहासकार दा. ध. कोसंबींनी त्याआधी वेगळ्या वाटेने जवळचीच जागा गाठली होती. डेक्कन क्वीनने पुण्याहून टाटा इन्स्टिट्यूट ऑफ फंडामेंटल रिसर्चला येणारा हा गणिती म्हणत असे की जात म्हणजे उत्पादनाच्या प्राथमिक पातळीवरचा वर्ग, आणि कमीत कमी बळ वापरून राबणाऱ्याकडून वरकड, म्हणजे त्याच्या गरजेपलीकडचं उत्पादन, काढून घेण्याची ती धार्मिक रीत. 'कमीत कमी बळ' हे शब्द ग्राम्शीच्या वहीत खपून गेले असते. पण कोसंबींच्या मांडणीत उत्पादन पुढे गेलं की जात विरघळायला हवी. साचा हे तेव्हाचं पुढारलेलं यंत्र होतं आणि जात त्या यंत्राच्याच एका सुट्या भागाला चिकटून बसली होती. तिथे कोसंबी अडतात, पाटील अडत नाहीत. पाटलांची अडचण वेगळी. त्यांच्याकडे प्राचीन भारताचं व्याकरण भरपूर आणि साचेखातं, जॉबर, मजुरीचा तक्ता फार थोडा.

आंबेडकर १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांपुढे म्हणाले होते की तुमचे शत्रू दोन, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. त्याच वर्षी ७ नोव्हेंबरला औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध ते कम्युनिस्टांबरोबर एका व्यासपीठावर होते. दोन शत्रू म्हणजे दोन स्वतंत्र लढे असा सोयीचा अर्थ पुढे दोन्ही बाजूंनी घेतला. साचेखात्यात ते दोन नव्हते. मजुरीचा दर आणि विटाळ एकाच खिडकीतून मिळत होते.

संपानंतरचं परळ समजायला मात्र हार्वीच लागतो. क्रांतिकारक रोझा लक्झेंबर्गने १९१३ मध्ये म्हटलं होतं की भांडवलाला कायम बाहेरचं काहीतरी गिळावं लागतं, आदिम संचय, म्हणजे लोकांकडून हिसकावून केलेली भांडवलाची पहिली जमवाजमव, हा एकदाच होऊन गेलेला प्रकार नाही. हार्वीने २००३ मध्ये त्याला वंचनेतून होणारा संचय म्हटलं आणि त्यात जमिनीचं, तिच्या भाड्याचं, कर्जाचं गणित घातलं. मुंबईतला त्याचा कागद म्हणजे १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतला नियम ५८. गिरणीची जमीन विकायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी, उरलेली मालकाला. २००१ मध्ये दुरुस्ती झाली आणि वाटणी फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची करायची असं ठरलं. गिरणीत मोकळी जमीन असते किती? शेड, गोदामं आणि चिमणी यांनीच आवार भरलेलं. सहाशे एकरांच्या हिशेबातून लोकांचा वाटा असा एका शब्दाने आटला, आणि २००६ च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते वैध ठरवलं. मुंबई टेक्स्टाइल मिलची सतराएक एकर जमीन २००५ मध्ये ७०२ कोटींना गेली. सात वर्षांनी तीच २,७०० कोटींच्या आसपास विकली गेली. मधल्या काळात तिथे वारभर कापड निघालं नाही. ज्यांना मूल्याचा श्रमसिद्धान्त, म्हणजे मूल्य श्रमातून येतं ही मांडणी, कालबाह्य वाटते त्यांनी या दोन आकड्यांमधला फरक कुठून आला ते सांगावं. आणि ज्यांना ती जशीच्या तशी पुरते असं वाटतं त्यांनीही.

म्हाडाच्या वाट्याला आलेल्या जमिनीवर घरं झाली. २०१२ च्या जूनमध्ये ६,९२५ घरांची सोडत निघाली, घर २२५ चौरस फुटांचं, आणि अर्ज दीड लाखाच्या आसपास. अट अशी की १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर माणूस गिरणीच्या पटावर हवा. मग गोधडीखालच्या ट्रंकेतून गिरणीचं तिकीट, ईएसआयचं कार्ड, फंडाची चिठ्ठी, हजेरीपत्रक बाहेर आलं. अल्थुसेरने १९७० मध्ये सांगितलं की पोलिस मागून "ए!" म्हणून हाक मारतो आणि वळणारा माणूस त्या वळण्यातच प्रजा होतो. इथे हाक अर्जाने मारली. ज्यांनी एकत्र संप केला होता ते अर्जदार क्रमांक झाले, आणि शेजाऱ्याचा नंबर लागला की आपला हुकला असं ठरलं. अल्थुसेरच्या गोष्टीत हाक आली की माणूस वळतोच. गिरणी कामगारांच्या संघटना मात्र तोच अर्ज हातात घेऊन अजून मोर्चे काढतात, घर हा आमचा हक्क आहे, नशीब नाही असं म्हणत. हे अल्थुसेरमध्ये बसत नाही.

आता करण्यासारखं काम मला विचाराल तर फ्रॉमचं. सोडतीतली घरं मिळालेल्यांकडे आणि न मिळालेल्यांकडे प्रश्नावली घेऊन जायला हवं. २७१ प्रश्न नकोत, पन्नास पुरेत. घर कोणाच्या नावावर आहे आणि त्यात कोण राहतं, विकलं असेल तर पैसे गावी गेले की मुलाच्या फीत, संपाच्या काळात घर कोणी चालवलं, शेवटचं मत कोणाला दिलं आणि का. त्यात दोन प्रश्न मात्र सगळ्यात आधी. तुमचं खातं कुठलं होतं? आणि तिथे तुम्हाला लावलं कोणी?